मृगानंतरचं रनिंग: पारा उतरला, हार्ट रेट चढला

पहिला पाऊस झाला, जळगावात दुपारचा पारा 44 वरून 34 वर आला, आणि इझी रन (बोलता बोलता होईल असं सावकाश धावणं) सोपा व्हायच्या ऐवजी जडच झाला. मे महिन्यात 6:30 च्या पेसला (किलोमीटरला साडेसहा मिनिटं) पहाटे 142 वर स्थिर राहणारा हार्ट रेट आता पाचव्या किलोमीटरलाच 155 ओलांडतो आणि दहाव्याला टेम्पोच्या, म्हणजे दमवणाऱ्या सलग वेगवान धावण्याच्या, घरात जातो. उन्हाळी वेळापत्रक इथे उपयोगाचं नाही.

कारण घरातल्या कूलरला विचारा. एप्रिल-मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांतून गारेगार वारा येतो, जूनमध्ये तोच कूलर नुसती ओल फेकतो. अंगावरच्या घामाचंही तसंच. घाम वाळला तरच अंग निवतं. तो निथळून बुटात गेला तर पाणीही गेलं आणि गारवाही मिळाला नाही. मग शरीर उष्णता बाहेर टाकायला कातडीकडे जास्त रक्त पाठवतं आणि हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांत करावं लागतं.

म्हणून तापमान बघणं सोडून दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा; तो जितका वर, तितका घाम कमी वाळतो. मे महिन्यातली पहाट 28 अंश आणि आर्द्रता 35 टक्के धरली, तर दवबिंदू येतो 11. जूनमधली पहाट 26 अंश आणि 90 टक्के, दवबिंदू 24. दोन अंशांनी थंड पहाट, पण घामाच्या दृष्टीने वेगळाच मुलूख. दवबिंदू 20 च्या वर गेला की पेस विसरायचा आणि हार्ट रेटवर धावायचं. इझीची वरची मर्यादा 150 असेल तर घड्याळात अलार्म लावा, वाजला की चाला, 140 ला आला की पुन्हा धावा. पेस 7:00–7:15 वर घसरेल. घसरू द्या. दहा ते चौदा दिवस रोज तासभर असं केलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि पेस थोडा थोडा परत येतो.

हे सगळं हार्ट रेटच्या आकड्यावर उभं आहे, आणि घामाने मनगटावरचा सेन्सर घसरतो. मग तो पावलांची लयच ठोके म्हणून मोजतो. इझीत अचानक 172 दिसून तिथेच चिकटला, तर आधी कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) बघा. छातीचा पट्टा घ्याच. महागड्या घड्याळापेक्षा तो पैसा जास्त सार्थकी लागतो.

गुरुवारचा टेम्पो संध्याकाळी हलवायचा विचार होता. पण 33 अंश आणि 60 टक्क्यांनाही दवबिंदू 24 च येतो, वर तापलेला डांबरी रस्ता. म्हणजे पहाटच बरी, आणि सलग 25 मिनिटांऐवजी 5 मिनिटांचे पाच तुकडे, मध्ये 2 मिनिटं चाल.

रस्ताही बदलायला हवा. यावल-रावेरकडच्या केळीबागांमधून जाणारे शिवरस्ते आता नकोत: बागेभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली शेवरी हवा अडवते आणि काळी माती बुटाला किलो-किलो चिकटते. मेहरूण तलावाकाठी फेऱ्या मारा. वारा लागतो आणि पाणी एका जागी ठेवता येतं.

पाणी किती, तर तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, ओले कपडे काढून वजन करा. 62.0 चं 60.8 झालं आणि मध्ये 300 मिली प्यायलात, तर घाम ताशी दीड लिटर. त्यातलं निम्मं ते दोन-तृतीयांश धावताना पुरे. घामापेक्षा जास्त पिणं धोक्याचं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. मेडिकलमधून ओआरएस घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचा, आणि एक लिटरची पुडी लिटरभरातच घाला. गोड टेट्रापॅक नकोत.

कपड्यांत फुले मार्केटातला जाळीचा स्वस्त पॉलिस्टर टी-शर्ट उत्तम. सुती नको, भिजून अंगाला चिकटतो. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन. बूट दोन जोड आलटून-पालटून, आत रद्दी कोंबून पंख्याखाली.

अंगावर काटा, थंडी वाजणं, भोवळ आली की रन तिथेच संपला. सावली, मानेला आणि काखेत बर्फ. बोलणं असंबद्ध झालं तर थेट 108.

हे लिहिताना सुचलं: रविवारच्या लाँग रनला किलोमीटर कशाला, 90 मिनिटं धरू. तलावाच्या त्याच फेरीवर हार्ट रेट 150 च्या आत ठेवून पेस 6:50 ला आला, की टेम्पोचे तुकडे 8 मिनिटांचे करायचे.