माइट म्हणजे तीस टक्के

चाकणच्या त्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मला वाटलं, नव्या बॅचचं विचारतायत. पण क्वालिटीचे साहेब म्हणाले, "मॅडम, एट-डीचं काम आहे. उद्या जरा येऊन जाता का?"

मी कंपन्यांत जाऊन इंग्रजी शिकवते. एट-डीशी माझा संबंध एवढाच की त्यातली वाक्यं कधीमधी दुरुस्त करून दिलेली असतात. गाड्यांच्या धंद्यात माल सदोष निघाला की गिऱ्हाईक हा आठ टप्प्यांचा खुलासा मागतं, आणि त्यात व्हाय-व्हाय असतं. म्हणजे "का?" असं विचारत विचारत, साधारण पाच वेळा, मुळापर्यंत जायचं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये शिरले तर तक्ता पडद्यावरच होता. गिऱ्हाईक इंग्लंडमधलं. ब्रॅकेटचा लॉट तिकडे पोचला आणि काही ब्रॅकेटचे बोल्ट हाताने फिरले. सगळे खोके उघडून तपासायला तिकडची माणसं तासाच्या दराने लावली गेली, आणि त्या खर्चाची डेबिट नोट, म्हणजे वसुलीचा कागद, इकडे आली. बोल्ट ढिले का, याचं उत्तर सरळ होतं: बोल्ट ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळणाऱ्या टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासण्याची, तारीख उलटून गेली होती. भांडण दुसऱ्या रकान्यावर होतं. माल आपल्या दारातून बाहेर पडलाच कसा?

का पडला? पुन्हा तपासला नाही. का तपासला नाही? गिऱ्हाइकाने तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं असं का वाटलं? मेलमध्ये 'माइट' होतं. आणि शेवटच्या ओळीत: 'माइट मीन्स ऑप्शनल', पुढे कंसात 'ॲज पर ट्रेनिंग'.

त्या कंसात मी होते.

मेल असा होता: "यू माइट वॉन्ट टु हॅव अनदर लुक ॲट द टॉर्क बिफोर दीज गो आउट." तो वाचलेला मुलगा समोरच बसला होता. डिप्लोमा झालेला, कामाला चोख, दोन वर्षांपूर्वी माझ्याच बॅचला होता. काही न बोलता त्याने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. मी फळ्यावर काढलेली शिडी त्याने पट्टीने रेघा मारून उतरवली होती. मस्ट १००, शुड ७५, मे ५०, माइट ३०.

"तीस टक्के होतं, मॅडम," तो म्हणाला. "गाडी लागलेली होती. तीस टक्क्यांसाठी लॉट कसा थांबवणार?"

त्याला काय बोलणार? शिडी माझीच. शिकवायला सोपी, पोरांना आवडणारी, आणि एकाच कामाची: अंदाजाची. "इट माइट रेन" म्हणताना 'माइट' 'मस्ट'पेक्षा कमकुवत, हे खरं. टक्के मात्र मीच घातलेले. तुमच्याआमच्या मराठीत "आला असेल", "आला असावा", "आला असणार" यांत चढउतार आहे, पण त्यावर आकडे कोणी लावत नाही.

मेलमधला 'माइट' अंदाजाचा नव्हताच. माणूस माणसाला काही सांगत होता. मी मार्कर उचलला आणि सगळ्यांनाच विचारलं, "घरी सासरे म्हणाले, 'चहा मिळाला तर बरं होईल', तर त्यात चहाची शक्यता किती टक्के?"

स्टोअरचे काका हसले. "न मिळण्याची शून्य," म्हणाले.

इंग्रज माणसाला समोरच्याची चूक दाखवायची असली की तो आवाज खाली आणतो. 'मे'चा 'माइट' करतो, 'कॅन'चा 'कुड', 'विल'चा 'वुड'. ही मुळात भूतकाळाची रूपं, पण इथे काळाशी संबंध नाही. बोलणारा एक पाऊल मागे सरकून उभा राहतो, एवढंच. आपण "बघा" न म्हणता "जरा बघता का" म्हणतो, त्यातलाच प्रकार. गिऱ्हाइकाने 'माइट वॉन्ट टु' लिहिलं याचा अर्थ त्याला टॉर्कची काळजी लागली होती. काळजी नसती तर त्याने टॉर्कचं नावच काढलं नसतं.

साहेबांना हे पटेना. त्यांनी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग काढलं. त्यावर होतं, 'बोल्ट्स शाल बी टाइटन्ड', पुढे टॉर्कचा आकडा. "हे बघा, इथे 'शाल' आहे. आयएसओच्या मानकांमध्ये 'शाल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे शक्यता. ऑडिटर घोकून घेतात आमच्याकडून. मग मेलमध्ये हाच माणूस 'माइट' कशाला लिहितो? 'शाल' लिहायला काय झालं होतं?"

प्रश्न रास्त होता. मानकात शब्दांना ठरलेलं वजन असतं, कारण ते वाचणारा अनोळखी असतो. मेल ओळखीच्या माणसाला लिहितात. मेलमध्ये "यू शाल चेक" असं लिहिलं तर ती वकिलाची नोटीस वाटेल. यावर कोणीतरी शाळेतलं "आय शाल, यू विल" काढलं. तो नियम १६५३ साली जॉन वॉलिसने आपल्या लॅटिनमधल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. अनंताचं चिन्ह वापरात आणणारा गणिती तो हाच. आकड्यांतला माणूस, पण त्यानेही टक्के लावले नव्हते.

मग तो मुलगा इतका वेळ मनात धरलेलं बोलला. "मॅडम, माझे वडील पंचायत समितीत होते. वरून पत्र यायचं, 'नेसेसरी ॲक्शन मे प्लीज बी टेकन'. 'मे' दिसलं की ते जेवण बाजूला ठेवून बसायचे. मला घरी माहीत होतं, 'मे' म्हणजे हुकूम. तुम्ही वर्गात पन्नास टक्के सांगितलं, तेव्हा वाटलं, ते आपलं सरकारी इंग्रजी, चुकीचं."

मला हे खाली बसून ऐकावं लागलं. आपल्या कचेऱ्यांमधला 'मे' हा 'सादर करण्यात यावे'मधला 'यावे' आहे. त्याला ऐच्छिक समजणारा कारकून टिकला नसता. पोराच्या कानाला हे घरातूनच माहीत होतं, आणि मी शुद्ध इंग्रजीच्या नावाखाली ते पुसून टाकलं.

त्याने गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तरही मी पाहिलं. "नोटेड. यू मस्ट सेंड रिव्हाइज्ड पीओ बाय फ्रायडे." पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर. तिकडच्या बाईंनी हे वाचून काय तोंड केलं असेल ते दिसत होतं. त्याच्या मनात हुकूम नव्हता. "पीओ शुक्रवारपर्यंत यायला पाहिजे," एवढंच त्याला म्हणायचं होतं. आपलं 'पाहिजे' कोणाकडे बोट दाखवत नाही. काम व्हायला हवं, कोणीही करा. 'यू मस्ट'मध्ये ते बोट थेट समोरच्याच्या छातीवर येतं. "वुड यू बी एबल टु" असं काहीतरी हवं होतं. म्हणजे गिऱ्हाईक विनवत होतं आणि पुरवठादार हुकूम सोडत होता, आणि दोघांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

दुपारपर्यंत रिपोर्ट नव्याने लिहिला. 'ॲज पर ट्रेनिंग' राहू द्या असं मी म्हटलं होतं, साहेबांनी काढलं. "गिऱ्हाइकाला काय सांगू, तुमचं इंग्रजी कळलं नाही म्हणून?" उपाय मात्र साधा ठरला: मालाबद्दलच्या मेलमध्ये 'माइट', 'कुड', 'मे' दिसलं की अर्थ लावत बसायचं नाही, उलट विचारायचं, "डू यू वॉन्ट अस टु होल्ड द शिपमेंट?" हो की नाही. याला इंग्रजी कमी लागतं.

सोबतच्या पत्रात बदली मालाची तारीख द्यायची होती. मी लिहिलं, "द न्यू लॉट शुड रीच यू बाय ट्यूजडे." साहेब म्हणाले, 'विल' करा, आधीच नाक कापलंय. डिस्पॅचवाले भडकले. "विमानात घालेपर्यंत माझी जबाबदारी. तिकडच्या कस्टमवाल्यांचं 'विल' मी कुठून आणू?" शेवटी मुंबईहून निघण्याला 'विल' आणि तिकडे पोचण्याला 'शुड' लिहिलं. सगळ्या दिवसात मला खरोखर आवडलेलं वाक्य तेवढंच. आणि ते माझं नव्हतं, डिस्पॅचचं होतं.

साडेतीनला, तिकडे सकाळ झाल्यावर, उत्तर आलं. रिपोर्ट पोचला, तपासून कळवतो, आभार. आणि खाली एक ओळ त्या मुलाला उद्देशून: "यू मस्ट कम ओव्हर अँड सी अवर लाइन सम टाइम."

त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, मस्ट आहे."

"तारीख दिलीय का?"

"नाही. सम टाइम."

"मग तो आपला 'या एकदा घरी' आहे."

त्याने पेन काढून 'मस्ट'पुढचा १०० खोडला, आणि पेन तसंच धरून बसला. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला साहेब ॲडमिनला फोन लावून विचारत होते, पासपोर्टला हल्ली किती दिवस लागतात.