दुपारची डुलकी आणि कानातली शिट्टी

पुणेकर असून दुपारी झोपायची चोरी, यापेक्षा मोठी शिक्षा काय असणार सांगा. रविवारी जेवण झालं, डोळे मिटायला लागले, पाऊण तास गाढ झोप लागली की उठताना माझ्या उजव्या कानातला आवाज दुप्पट झालेला असतो. एरवीही तो असतोच, पूर्वी डबा टीव्ही नुसता चालू असला तरी जो बारीक ईईई यायचा ना तसा, पण कामात असले की मागे कुठेतरी पडून असतो. दुपारच्या झोपेनंतर तोच आवाज पुढे येऊन बसतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत हलत नाही.

तर मला टिनिटस आहे, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज. का झाला ते सांगायला ज्योतिषी नको, कॉलेजपासून नोकरी लागल्यानंतरही बरीच वर्षं पथकात ताशा वाजवला. ढोल अंगात घुमतो, ताशा थेट कानात घुसतो. नदीपात्रात सराव असायचा तेव्हा निदान मोकळी हवा असायची, लक्ष्मी रोडला दोन्ही बाजूंना इमारती आणि मध्ये आपण, म्हणजे काडीचा प्रत्येक फटका भिंतींवरून परत येणार. कानात कापूस घालायचो सगळे, त्या कापसाने तसं काही अडत नाही हे आता कळलंय, फोमचे इअरप्लग नीट पिळून आत बसवले तर अडतं. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्या आलेखात, 4 किलोहर्ट्झच्या आसपास छान खड्डा पडलाय, मोठ्या आवाजात राहणाऱ्यांचा तो ठरलेला असतो.

आता कान तोच, खड्डा तोच, मग रोज आवाज कमीजास्त का होतो, हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता. आतल्या कानाच्या बारीक केसपेशी गेल्या की त्या पट्टीतली माहिती मेंदूपर्यंत कमी पोचते, आणि मेंदू ती तूट भरून काढायला स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो असं साधारण मानलं जातं. म्हणजे आवाज सुरू होतो कानामुळे पण चालू राहतो डोक्यात. आणि शांततेत तर चांगल्या कानांनाही काहीबाही ऐकू येतं, 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी कानाची काही तक्रार नसलेल्या 80 लोकांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं तर त्यातल्या 94 टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज येतो म्हणून सांगितलं. त्यामुळे "मला कसं काही येत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्या.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, एक टेस्ट करतात, ती मला फार आवडली. हेडफोन लावून मशीनमधून सूर वाजवतात, तुमच्या कानातल्या आवाजाशी जुळेपर्यंत वर खाली करत. माझा सूर जुळला तेव्हा ती म्हणाली, आता जोर बघू, आणि बारीक बारीक वाढवत नेलं, मी मनात धरलेलं की हा आता मिक्सरएवढा होणार, तर मी "बास, एवढाच" म्हटलं तेव्हा स्क्रीनवर आकडा होता माझ्या ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा फक्त 6 डेसिबल वर. सहा! जेमतेम ऐकू येईल एवढंच. मी म्हटलं ताई मशीन बिघडलंय. ती हसली, म्हणाली बहुतेकांचं असंच येतं, आणि त्रास किती होतो त्याचा या आकड्याशी फारसा संबंध नसतो. नंतर एकदा अमेरिकेच्या क्लायंटसाठी रात्रभर कॉलवर बसून तशीच गेले होते, मला वाटत होतं आज तर कान फाटतोय, तरी मशीनवर आकडा जवळपास तोच.

माझं म्हणणं याच्यावरच आहे. झोप नीट झाली नाही की आवाज वाढतो असं आपण म्हणतो, ते खोटं नाही, आपल्याला तो खरंच मोठा ऐकू येतो. पण वाढतं ते कानात नाही. झोप न झालेला मेंदू गाळायचं काम नीट करत नाही, नको ते बाजूला सारायचं सोडून प्रत्येक गोष्टीकडे धोका म्हणून बघतो, मग शेजारच्या बाईकचा हॉर्न पण डोक्यात जातो आणि ही शिट्टी पण.

जर्मनीत ट्रॅक युवर टिनिटस नावाचं ॲप आहे, लोक दिवसातून अनेकदा त्यात आत्ता किती जोरात येतंय ते भरतात. 2017 मध्ये त्या माहितीवरून निघालं की मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत लोकांना आवाज जास्त मोठा वाटतो आणि त्रासही जास्त होतो. रात्री शांतता असते म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. पण पहाटे साडेचारला जाग आल्यावर जे वाटतं ते नुसत्या शांततेने होत नाही, त्या वेळी मन पण वेगळंच असतं, होम लोन सुद्धा पहाटे साडेचारला जास्त मोठं वाटतं.

दुपारच्या झोपेचं मात्र मला वाटलं होतं की हे माझंच काहीतरी खूळ आहे. नाहीये. फ्रेंच संशोधकांनी टिनिटस असलेल्या जवळपास दहा हजार लोकांची माहिती तपासली, त्यात साधारण तिघांत एकाने सांगितलं की डुलकी काढली की आवाजात फरक पडतो, आणि कमी होणाऱ्यांपेक्षा वाढणारेच जास्त. थोडे नशीबवान लोक आहेत ज्यांचा झोपून कमी होतो, त्यांना माझा नमस्कार.

याच्या उलट बाजूने ऑक्सफर्डचे लोक विचार करतायत. गाढ झोपेत मेंदूभर ज्या मोठ्या संथ लहरी चालतात त्या या खोट्या आवाजाची गडबड दाबून टाकत असतील असा त्यांचा अंदाज आहे, 2022 मध्ये त्यांनी तो मांडला. मग फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर अभ्यास केला, मोठ्या आवाजाने ज्यांच्यात टिनिटसची लक्षणं आली त्यांची झोपही बिघडली, पण झोप लागली की आवाजाला जरा जास्तच उसळणारा त्यांचा मेंदू शांत व्हायचा. मला हे वाचून बरं वाटलं, कारण कुणी विचारलं की झोपेत पण ऐकू येतं का, तर काय सांगणार, गाढ झोपेत मी नसतेच ना तिथे. त्रास झोप लागायच्या आधी आणि जाग आल्यावर.

आता यावरून कुणी म्हणेल की मग भरपूर झोप, सोपं आहे. अजिबात नाही. मी मधे मनगटावर झोप मोजणारं घड्याळ बांधलेलं, सकाळी डोळे उघडले की आधी डीप स्लीप किती ते बघायचं, मग कान लावून आवाज किती ते बघायचं, आणि दोन्हीचा मेळ घालत बसायचं. कान लावून ऐकल्यावर तो मोठा येणारच! शेवटी घड्याळ भाच्याला दिलं, तो त्यात पावलं मोजतो. झोपेच्या मागे लागलं की झोप पळते आणि आवाज तेवढा मागे राहतो. लंडनमध्ये टिनिटसमुळे झोप गेलेल्यांवर निद्रानाशाची सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा उपचार, करून बघितली, 2023 मध्ये ते छापून आलं, त्यात झोप सुधारली आणि टिनिटसचा त्रासही कमी झाला. त्यातली एक गोष्ट ऐकायला उलटी वाटते, की बिछान्यात पडून राहायचा वेळ कमी करायचा, जेवढी खरंच झोप लागते साधारण तेवढाच. रात्री दहाला जाऊन दोन वाजेपर्यंत शिट्टी ऐकत पडण्यापेक्षा बाराला जा, पण सकाळी उठायची वेळ मोडायची नाही, रविवारी पण नाही. हे एखाद्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा, विशेषतः गाडी किंवा मशीन चालवत असाल तर, सुरुवातीला दिवसा भयंकर झोप येते.

अजून एक, मी झोपेत दात खाते. हे मला डेंटिस्टने सांगितलं, दाढा बघून. जबडा घट्ट आवळला की माझा आवाज त्याच क्षणी बदलतो, तुम्हीही करून बघा, बऱ्याच जणांचा बदलतो, कारण जबड्याच्या आणि मानेच्या नसांचे संदेश मेंदूत ऐकण्याच्या मार्गावरच्या पहिल्या स्टेशनात येऊन मिळतात. रात्री दातांवर बसवायचा नाइट गार्ड घालायला लागल्यापासून सकाळचा आवाज पूर्वीपेक्षा बरा असतो, त्यात गार्डचा वाटा किती आणि मी केलेल्या सीबीटीचा किती ते देव जाणे. घोरणाऱ्यांनी मात्र ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याची, टेस्ट करून घ्या, तो वेगळाच मोठा विषय आहे.

आईचा उपाय एकच, "कानात कोमट तेल घाल आणि झोप." डॉक्टरांनी तेलाला साफ नाही सांगितलंय, मग ती ते तळपायाला चोळते, त्याला कुणाची हरकत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या "टिनिटस क्युअर" गोळ्यांना मात्र माझी आहे, टिनिटस घालवणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही, जिंको नावाच्या झाडाच्या अर्काचाही उपयोग दिसलेला नाही. आणि एकाच कानात आवाज असेल, नाडीच्या ठोक्यावर धकधक येत असेल, किंवा अचानक ऐकू यायचं कमी झालं असेल तर ब्लॉग वाचत बसू नका, ईएनटीकडे जा, अचानक कमी झालं असेल तर आजच जा, त्यात दिवस घालवून चालत नाही.

राहता राहिला पंखा. उन्हाळ्यात मला काही नको असतं, पंख्याच्या घरघरीत शिट्टी अर्धी विरघळते, फक्त रात्री लाइट गेली की पंखा थांबल्याक्षणी मी टक्क जागी. हिवाळ्यात खरी पंचाईत. मोबाइलवर पावसाचे आवाज लावून बघितले, पण ते दर काही मिनिटांनी पहिल्यापासून परत सुरू होतात आणि एकदा तो सांधा कानाने पकडला की मी त्याचीच वाट बघत पडते. त्यामुळे डिसेंबरात पण मला पंखाच लागतो, आणि आई शेजारच्या पलंगावर दोन गोधड्या, कानटोपी आणि माझ्या नावाने बडबड. सध्या तह झालाय, टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, वारा भिंतीला, आवाज मला. आईचं म्हणणं आहे लाइट बिल पण भिंतीनेच भरावं.