टॉवरवरून थेट गॅसच्या प्लांटमध्ये, माझा अनुभव

मी मूळचा गुहागर तालुक्यातला, दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून जाताना अंजनवेलचा प्लांट लहानपणापासून बघतोय, पण तिथे आपलं काय काम, आपण ई अँड टीसीवाले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमचे इंजिनिअर. डिग्रीनंतर अडीच वर्षं मोबाईल टॉवरचा मेंटेनन्स केला, चिपळूण ते राजापूर, बाईकवर, पावसात. पगार लिहीत नाही, लाज वाटते.

ऑइल अँड गॅसमध्ये जायचं तर पेट्रोलियमचीच डिग्री लागते असं डोक्यात पक्कं बसलेलं. नवी मुंबईतल्या एका इन्स्टिट्यूटने ३५ हजार घेऊन एक सर्टिफिकेट दिलं, ते आजपर्यंत कुणी उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. शेवटी बाबांच्या ओळखीचे एक काका, जे उरणच्या गॅस प्लांटमध्ये शटडाऊनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं करायचे, ते म्हणाले, "अरे, तिथे विहीर कोण खणतंय? मुंबई हायचा गॅस पाइपलाइनने येतो, पुढे सगळे ट्रान्समीटर, म्हणजे प्रेशर वगैरे मोजून सिग्नल पाठवणारी यंत्रं, वायरी आणि व्हॉल्व्ह. इन्स्ट्रुमेंटेशनला ये."

गेलो. पहिल्याच दिवशी गेटवर मोबाईल काढून घेतला, टॉवरवाल्याचा मोबाईल! काम होतं लूप चेकिंगचं, म्हणजे फील्डमधून ४ ते २० मिलीअँपचा सिग्नल द्यायचा आणि कंट्रोल रूममधल्याने वॉकीवर आकडा सांगायचा, ४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर, तर १२ दिले की तिकडे ५० टक्के दिसायला पाहिजे. सिग्नल शून्य मिलीअँपपासून सुरू का नाही, तर वायर तुटली की शून्य येतं, मग ती तुटलेली वायर की खरंच प्रेशर नाही हे कळणार कसं. हे मला एका डिप्लोमाच्या पोराने शिकवलं, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तेव्हा जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

मग पावसात एका ट्रान्समीटरचं रीडिंग नाचायला लागलं. दोन दिवस सगळे ट्रान्समीटरच्याच मागे. मी बघितलं तर केबल वरून सरळ उतरून जंक्शन बॉक्सच्या (वायरी जोडायच्या डब्याच्या) ग्लँडमध्ये, म्हणजे केबल आत शिरते त्या तोंडात, घुसलेली, पाणी तिच्यावरून ओघळत आत, टर्मिनल खाऱ्या हवेने हिरवेगार. टॉवरवर आम्ही केबलला ग्लँडच्या आधी खाली झोळ देतो, पाणी तिथेच गळून पडतं. केबल तशी वळवली, टर्मिनल बदलले, रीडिंग गप्प बसलं. एकदम भाव वाढला आपला!

त्याच तोऱ्यात पुढच्या बॉक्सच्या झाकणाला सिलिकॉन फासायला घेतलं, टॉवरची सवय, तर काका असे ओरडले की नळी हातातून पडली. तो फ्लेमप्रूफ बॉक्स होता. त्यात गॅस शिरणार हे धरलेलंच असतं, आत ठिणगी पडून भडका उडाला तरी जाळ झाकणाच्या बारीक फटीतून बाहेर येता येता थंड पडला पाहिजे, म्हणून ती फट मापाची ठेवलेली असते. मी तीच बुजवत होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता तीन शटडाऊन झालेत आणि ऑफशोअरचं, म्हणजे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच्या कामाचं, बोलणं चालू आहे. त्याआधी हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं यायचं त्याचं ट्रेनिंग करावं लागतं. फी ऐकून आई म्हणाली, "खाडीत फुकट पोहायला शिकवलंय तुला, त्याला वर पैसे कसले?"