दगडी बांधावरचा निळा ठिपका

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात नोव्हेंबर लागला की मेपल, बर्च आणि ॲश यांची पाने गळून जातात, उघड्या झालेल्या जंगलात नजर दूरवर पोहोचते आणि आमच्या लँड ट्रस्टच्या, म्हणजे जमिनी आहेत तशा राखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या, वार्षिक पाहण्या सुरू होतात. गेली चार वर्षे मी या कामात स्वयंसेवक म्हणून जातो आहे. माझ्याकडे ४६ एकरांचे एक जंगल सोपवलेले आहे. शिकारीचा हंगाम असल्यामुळे नारिंगी जाकीट घालून, गोचिडांपासून बचाव व्हावा म्हणून विजार मोज्यांत खोचून, हातात फोन घेऊन मी त्या जमिनीच्या हद्दीने चालतो आणि जे दिसेल ते एका ॲपमध्ये नोंदवतो. गावाकडच्या मंडळींशी बोलताना हे निघाले की जमीन कोणाची आणि तू तिथे नेमके काय बघतोस, हा प्रश्न हमखास येतो. आज त्याचे उत्तर सविस्तर लिहितो.

जमीन खासगी आहे. मालकीणबाई जंगलाच्या कडेलाच राहतात. त्या सरपण काढू शकतात, जमीन विकू शकतात, मुलांच्या नावे करू शकतात. मात्र त्या जमिनीवर नवी घरे बांधण्याचा, तिचे प्लॉट पाडण्याचा, तिच्यातून वाळू-खडी काढण्याचा हक्क त्यांच्या कुटुंबाने एका नोंदणीकृत दस्ताने कायमचा सोडून दिला आहे आणि तो दस्त पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार ट्रस्टला दिला आहे. अमेरिकेत याला सर्वसाधारणपणे कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन हा शब्द रूढ आहे आणि कामकाजात सगळे जण नुसते ‘सीआर’ म्हणतात. सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा चढावा आणि जमीन कोणीही विकत घेतली तरी तो तिच्याबरोबर जावा, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की हा बोजा कर्ज फेडून उतरवता येत नाही. राज्याच्या कायद्यातील प्रकरण १८४ नुसार अशा दस्ताला गावाच्या निवडून आलेल्या मंडळाची आणि राज्याच्या ऊर्जा व पर्यावरण खात्याच्या सचिवांची मंजुरी लागते, आणि त्यानंतरच तो नोंदणी कार्यालयात दाखल होतो.

या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत जड वाटणारा शब्द ‘कायमचा’ हा आहे. जमिनीवरचे असे हक्क दान करणाऱ्याला संघराज्याच्या आयकरात सवलत मिळते, पण त्यासाठी बंधन कायमस्वरूपी असावे लागते आणि दान घेणाऱ्या संस्थेकडे ते टिकवून धरण्याची इच्छा आणि साधने दोन्ही असावी लागतात. देशभरातल्या लँड ट्रस्टांची मध्यवर्ती संघटना असलेल्या लँड ट्रस्ट अलायन्सने घालून दिलेल्या मानकांनुसार प्रत्येक जमिनीची दर कॅलेंडर वर्षात निदान एकदा पाहणी झालीच पाहिजे. उपग्रहाची किंवा विमानातून घेतलेली छायाचित्रे वापरायला मुभा आहे, पण पाच वर्षांतून एकदा तरी माणसाने प्रत्यक्ष जमिनीवर पाय ठेवायचा असतो. याच राज्यात १८९१ साली चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने अशा प्रकारची पहिली संस्था उभी राहिली. ग्रंथालय पुस्तके सांभाळते आणि संग्रहालय चित्रे सांभाळते, त्याप्रमाणे निसर्गरम्य जागा लोकांसाठी सांभाळणारी संस्था असावी, असा त्यांचा विचार होता. पुस्तक कपाटात आहे की नाही हे पाहायला कपाट उघडले की पुरते. जमीन जागेवरच असते, पण ती तशीच आहे की नाही हे कळायला तिच्यावरून चालावे लागते.

पूर्वी हे काम कागदावर होत असे. माझ्या जमिनीची जुनी फाइल मी पाहिली आहे. दस्त झाला त्या वेळी जमीन कशी होती याचा एक मूळ अहवाल तयार करतात, त्याला बेसलाइन म्हणतात. त्या अहवालात नकाशाची छायाप्रत आणि डकवलेली छायाचित्रे आहेत. एका छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने ‘ओढ्यापासून, उत्तरेकडे’ एवढेच लिहिले आहे. या जमिनीत तीन ओढे आहेत. ज्याने ते लिहिले त्याला कोणता ओढा हे नक्कीच ठाऊक होते, आणि ते त्याच्याबरोबर गेले. ते छायाचित्र कोठून घेतले हे शोधण्यासाठी पहिल्या वर्षी मी जवळजवळ दोन तास फिरलो, तेव्हा या कामात ॲप कशासाठी हवे हे मला पुरते उमगले.

आता निघण्यापूर्वी आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या जमिनीचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा असतो: हद्दीची रेघ, विमानातून घेतलेले छायाचित्र, उंचीच्या रेषा आणि मागील पाहण्यांचे सगळे टिंब. काही संस्था यासाठी फील्ड मॅप्स वापरतात, काही ॲवेन्झा, काही खास लँड ट्रस्टांसाठी बनवलेली ॲप. काम थोड्याफार फरकाने तेच. जंगलात मोबाइलचे नेटवर्क नसते, पण उपग्रहाकडून स्थान कळायला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी निळा ठिपका आपल्याबरोबर नकाशावर चालत राहतो आणि बॅटरीही वाचते. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा, आणि कागदी नकाशा व होकायंत्र पाठपिशवीत असू द्यायचे. होकायंत्राची सुई या भागात खऱ्या उत्तरेपेक्षा सुमारे १३ ते १४ अंश पश्चिमेकडे कलते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पाहणीचा गाभा म्हणजे ठरलेल्या जागांवरून घेतलेली छायाचित्रे. माझ्या जमिनीवर अशा १४ जागा आहेत. सातवी जागा मला विशेष जवळची आहे. तिथे दोन दगडी बांध काटकोनात मिळतात आणि त्या कोपऱ्यात एक बीचचे झाड दगडांना कवेत घेऊन वाढले आहे. एकोणिसाव्या शतकात इथे जंगल नव्हते. शेती आणि मेंढपाळीसाठी डोंगर उघडे केलेले होते, नांगराला लागणारे दगड वेचून लोकांनी हे बांध रचले, पुढे माणसे शेती सोडून गेली आणि जंगल परत आले. बांध तेवढे राहिले. मी त्या कोपऱ्यात उभा राहतो, ॲपमधील सातवे टिंब दाबतो, मागच्या वर्षीचे छायाचित्र पडद्यावर येते, आणि बीचचे खोड डाव्या कडेला व दूरचा मोठा खडक मध्यभागी येईल अशा बेताने मी फोन धरतो. छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते ते आपोआप नोंदले जाते. ‘ओढ्यापासून, उत्तरेकडे’ एवढ्यावर आता कोणाला भटकावे लागत नाही. गेल्या वर्षी याच जागी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर खडकामागचे एक ॲशचे झाड वठत चालल्याचे मला दिसले. नुसत्या डोळ्यांनी, आठवणीच्या भरवशावर, ते माझ्या लक्षात आले नसते.

बाकी वेळ हद्दीने चालण्यात जातो. मोठे, उघड उल्लंघन क्वचितच सापडते. जे सापडते ते आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला चांगले परिचयाचे आहे, कारण तो बांध कोरण्याचाच प्रकार असतो. शेजाऱ्याचे गवत कापण्याचे यंत्र दर उन्हाळ्यात हातभर पुढे सरकते. पालापाचोळा आणि कापलेल्या फांद्या ‘मागच्या रानात’ टाकल्या जातात, त्यातून बिटरस्वीटची वेल फुटते आणि काही वर्षांत उभी झाडे वेढून टाकते. मुलांसाठी झाडावर मचाण बांधले जाते, चारचाकी मोटारसायकलींची चाकोरी ओढ्यातून जाते. यांतल्या बहुतेकांच्या मनात कसलाही वाईट हेतू नसतो. हद्द कुठे आहे हेच त्यांना माहीत नसते. वेळेवर दिसले तर एका भेटीत, गप्पा मारता मारता विषय मिटतो. दहा वर्षे दुर्लक्ष झाले तर त्याच जागेवर कुंपण आणि शेड उभी राहते आणि वकिलांशिवाय काही हलत नाही.

आता जे सांगतो त्याने मला या साधनाची मर्यादा शिकवली. दुसऱ्या वर्षी पूर्वेकडच्या घळीत, दाट हेमलॉकच्या झाडांखाली, मला शेजाऱ्याची सरपणाची शेड दिसली. पडद्यावर निळा ठिपका हद्दीच्या बराच आत होता आणि मी शेडच्या भिंतीला टेकून उभा होतो. मी चार छायाचित्रे घेतली, यादीतून ‘अतिक्रमण’ हा पर्याय निवडला आणि नकाशावर लाल खूण करून टाकली. पाहणीचे काम सांभाळणाऱ्या बाईंनी ती नोंद उघडून पहिला प्रश्न विचारला, तो असा: त्या क्षणी अचूकता किती होती? ॲपने ती छायाचित्राबरोबरच टिपली होती: ११ मीटर. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारणपणे पाच मीटरच्या आत स्थान दाखवतो. पण हेमलॉक सदाहरित, त्याच्या ओल्या, दाट फांद्यांतून उपग्रहाचा संदेश क्षीण होतो आणि घळीच्या खडकांवर आदळून फिरून येतो. शिवाय नकाशावरची रेघसुद्धा मोजणीची नव्हती. ती करआकारणीसाठी काढलेल्या नकाशावरून घेतलेली होती, आणि तिला हद्दीचा कायदेशीर पुरावा मानत नाहीत. दोन्हीकडच्या चुका एकत्र आल्या होत्या आणि मी त्यांच्या जोरावर एका माणसावर अतिक्रमणाचा शेरा मारून मोकळा झालो होतो.

आम्ही दोघे पुन्हा गेलो. या वेळी फोनला ब्लूटूथने जोडायचा, मीटरच्या आत अचूकता देणारा वेगळा रिसीव्हर बरोबर होता, आणि जुन्या खरेदीखताची प्रतही होती. त्या खतात हद्द रॉडमध्ये दिली आहे. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, पाच मीटरहून किंचित जास्त. दगडी बांधाने जात भोक पाडलेल्या दगडापर्यंत, आणि तिथून अमुक रॉडवर लोखंडी सळई, असे त्यात लिहिले आहे. घळीजवळ बांध कोसळून विखुरला होता, तरी भोकाचा दगड सापडला. तिथून अंतर मोजून, धातुशोधक फिरवून, पानांचा जवळजवळ वीतभर थर बाजूला केल्यावर गंजलेली सळई हाताला लागली. शेड तिच्या पलीकडे, सहा मीटर शेजाऱ्याच्या हद्दीत होती. वाद असता तर परवानाधारक सर्व्हेअरला बोलवावे लागले असते. इथे त्याची गरज पडली नाही. शेजाऱ्याला पत्र गेले नव्हते, ही त्यातली समाधानाची गोष्ट, कारण या कामात शेजारपाजाऱ्यांचा विश्वास गेला की पुढच्या कित्येक वर्षांच्या पाहण्या कठीण होतात. माझी लाल खूण मात्र आम्ही पुसली नाही. तिच्याखाली तारीख घालून दुरुस्तीचे टिपण जोडले. उद्या या नोंदी कोर्टात गेल्या तर चूक झाली होती आणि ती अशी दुरुस्त केली, हे दिसणेच योग्य आहे. सोयीची नसलेली नोंद गायब होत असेल तर उरलेल्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. नोंद करण्यापूर्वी अचूकतेचा आकडा पाहायचा, तो मोठा असेल तर मोकळ्या जागी दोन मिनिटे थांबायचे, आणि हद्दीबद्दल काहीही लिहिताना ‘फोननुसार’ हा शब्द घालायचा. ॲपमधल्या तयार यादीतले पर्याय निवडून भागत नाही, असेही माझे ठाम मत झाले आहे. ‘मार्ग: ठीक’, ‘ओढा: ठीक’, ‘वनस्पती: ठीक’ अशा बरोबरच्या खुणा पाच मिनिटांत करता येतात आणि त्यांतून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. खालच्या मोकळ्या चौकटीत दोन-तीन पूर्ण वाक्ये लिहायला बोटे गारठतात, हातमोजे काढावे लागतात, पण तीच वाक्ये पुढे उपयोगी पडतात. उपग्रहाच्या छायाचित्रात मोठी तोड किंवा नवा रस्ता लगेच दिसतो, आणि त्याचा उपयोग मी नाकारत नाही. पण हेमलॉकच्या छताखाली पसरत चाललेली बार्बेरीची झुडपे, ओढ्याच्या पाण्यावरचा तेलाचा तवंग किंवा मालकीणबाईंनी दारात उभे राहून बोलता बोलता सांगितलेला जमीन विकण्याचा विचार वरून दिसत नाही. जमीन नव्या मालकाकडे जाते तेव्हाच दस्ताचा विसर पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या नोंदीतले ते एक वाक्य मला सगळ्या १४ छायाचित्रांहून महत्त्वाचे वाटले.

या वर्षीची पाहणी गेल्या शनिवारी झाली. काहीही बदललेले नाही, असा अहवाल मी दिला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ छायाचित्रे जोडली. शेवटी ट्रस्टच्या परवानगीने पंधरावी जागा नव्याने घातली, ती घळीतल्या त्या सळईची. तिच्याखाली जो कोणी माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी लिहून ठेवले आहे: इथे निळ्या ठिपक्यावर विसंबू नये. दोन ओढे मिळतात तिथून दगडी बांध डाव्या हाताला ठेवून चढावे, भोक पाडलेला दगड लागतो, तिथून उताराने सरळ खाली यावे. तीन बुंधे फुटलेल्या हेमलॉकच्या पायथ्याशी, पानांखाली, सळई आहे. पाहून झाल्यावर पाने पुन्हा तशीच पसरावीत.