जोधपूर रिफ: तिकिटाआधी कोजागिरी बघा

मेहरानगड किल्ल्यावर २००७ पासून भरणारा राजस्थान इंटरनॅशनल फोक फेस्टिव्हल, सगळ्यांच्या तोंडी नुसतं ‘रिफ’, शरद पौर्णिमेच्या आसपास असतो. म्हणजे आपली कोजागिरी. त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात: २०२३ मध्ये २६ ते ३० ऑक्टोबर, २०२४ मध्ये १६ ते २०, २०२५ मध्ये २ ते ६. गेल्या वर्षीच्या तारखा धरून रजा टाकणारे इथेच फसतात. आधी कॅलेंडरात कोजागिरी शोधायची, मग महोत्सवाच्या संकेतस्थळावर दिवस पक्के करायचे.

माझ्या मते पाससोबतच रेल्वेचाही हिशेब मांडावा. आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. १ ऑक्टोबरची गाडी हवी असेल तर २ ऑगस्टला सकाळी आठला लॉगिन करून तयार बसायचं. वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस थेट जोधपूरला जाते. पण हे दिवस दसरा आणि दिवाळीच्या मधले, वाट गुजरातेतून. चार दिवस उशीर केलात की वेटिंग लिस्ट. परतीचं तिकीटही त्याच आठवड्यात काढून टाका.

आता पास. सगळ्या दिवसांचा घ्यायचा की एकेका दिवसाचा, हे झोपेवर ठरतं. रात्रीच्या मैफली मध्यरात्र ओलांडतात आणि जसवंत थडा या संगमरवरी राजस्मारकापाशी होणारी पहाटेची मैफल उजाडायच्या आधी सुरू होते. दोन्ही गाठायचं म्हटलं तर हातात तीन-चार तासांची झोप उरते. एक दिवस निभतं, सलग तीन दिवस नाही. दोनच रात्री राहणार असाल तर पूर्ण पास म्हणजे पैसे पाण्यात. पैसे भरण्याआधी पहाटेची मैफल, दुपारचे कार्यक्रम आणि किल्ल्याचा प्रवेश त्या तिकिटात धरलाय का, हे ओळ न ओळ वाचा. ‘डे’ लिहिलं म्हणजे चोवीस तास, असं समजू नका. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. अनोळखी माणसानं विकायला काढलेला तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊ नका. एकच कोड पाच जणांना विकता येतो, आत जातो तो पहिला. स्वतःचं तिकीट मात्र मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, दारात रेंज शोधत उभं राहायला नको.

रिक्षा किल्ल्याच्या जयपोळपाशी सोडते; पोळ म्हणजे दरवाजा. पुढे फरसबंद चढ आहे. हत्तीला धावत येऊन दार फोडता येऊ नये म्हणून लोहापोळेपाशी मुद्दाम काटकोनी वळण ठेवलंय. गुडघे कुरकुरत असतील तर अर्धा तास जास्तीचा धरा. चप्पल-सँडल नको, पकड असलेले बूट घाला. दुपारी ऊन भाजतं, पहाटे शाल लागते.

एकच तिकीट परवडत असेल तर मी पहाटेचं घेईन. जसवंत थडा किल्ल्यापासून साधारण एक किलोमीटरवर आहे. मांगणियार या राजस्थानी लोकगायक समाजाचा कमायचा हे कातडं मढवलेलं, खर्जातलं वाद्य. रात्रीच्या मोठ्या ध्वनियंत्रणेत त्याचा बारकावा हरवतो. पहाटे पुढच्या रांगेत बसलात तर गज तारेवर घासल्याचाही आवाज येतो. म्हणून मैफलीच्या वीस मिनिटं आधी पोचा, आणि रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.