कोरं कापड, घडीची चादर आणि ट्रान्सफर पेपर: सहा शर्टांनंतरच्या नोंदी

गल्लीतल्या लेझीम पथकासाठी बारा शर्ट घरीच छापून द्यायचे कबूल केलंय. पाठीवर पथकाचं नाव, छातीवर छोटं चित्र. सहा झाले, त्यातले चार मनासारखे उतरले. छापायला ट्रान्सफर पेपर वापरतोय, म्हणजे चित्र घरच्या प्रिंटरवर या कागदावर छापायचं आणि इस्त्रीनं कागदावरचा थर चित्रासकट कापडावर चिकटवायचा. पुढचे सहा हातात घेण्याआधी या पेपरचं काय कळलं ते लिहून ठेवतो.

प्रिंटर टाकीवाला इंकजेट, म्हणून पेपरही इंकजेटचाच. लेसरवाल्यांनी मात्र पाकिटावर लेसर लिहिलेलं असल्याशिवाय पेपर आत घालू नये. लेसर मशीन टोनर तापवून चिकटवतं, त्या उष्णतेनं इंकजेट पेपरचा थर आतच वितळतो आणि रोलरला बसतो. सब्लिमेशन पेपर बरेच जण सुचवतात, पण ती शाई पॉलिएस्टरमध्येच मुरते. माझं कापड शंभर टक्के सुती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खरा घोळ लाइट आणि डार्कचा, म्हणजे फिक्या कापडाचा पेपर वेगळा आणि गडद कापडाचा वेगळा. लाइट पेपरचा थर पारदर्शक असतो, चित्र उलटं म्हणजे मिरर करून छापायचं आणि छापील बाजू कापडावर पालथी घालायची. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे चित्रात जिथे पांढरं आहे तिथे कापडाचाच रंग दिसतो. फिक्या पिवळ्या शर्टावर मी निळी लेझीम छापली, ती हिरवट दिसायला लागली. शाईत काही खोट नव्हती, खालचा पिवळा वर येत होता. मग त्या कापडासाठी चित्र तपकिरी केलं आणि छान बसलं.

डार्क पेपरला पांढरा, अपारदर्शक थर असतो. तो सरळ छापायचा, मागचा कागद सोलायचा, चित्र वर ठेवून बेकिंग पेपर झाकून इस्त्री करायची. रंग उठून दिसतात, पण जेवढा भाग कापाल तेवढा पांढरा पत्रा शर्टावर राहतो. अक्षराभोवती कात्री फिरवताना मी टोकदार कोपरे ठेवले. नेव्ही ब्लू शर्टाचे नेमके तेच कोपरे तिसऱ्या धुण्यात उचलले. दुसऱ्यावर कोपरे गोल कापले, ते अजून घट्ट आहेत. तरी छातीवर हात लावला की रबरासारखं लागतं, आणि लेझीम खेळताना घामानं तिथे हवा लागत नाही असं पोरं म्हणाली. ते मला पटलं.

आता इस्त्रीचं. सोलापुरात कुठल्याही घरात इस्त्री करायची म्हणजे खाली चादरीची घडी. मीही तेच केलं. शर्टावर नाव उमटलं, पण तिरप्या उजेडात बघितलं तर अक्षरांच्या थरात चादरीची नक्षी दाबली गेलेली, आणि नक्षीच्या खळग्यात थर चिकटलेलाच नाही. मऊ घडीत दाब जिरतो. आता प्लायवूडची फळी आणि वर उशीचा एकपदरी अभ्रा. इस्त्री वाफेशिवायची, पाणी काढून, कॉटनच्या आकड्यावर. वाफेची भोकं असलेल्या तळाखाली ठिपके कच्चे राहतात, म्हणून शेजाऱ्यांची जुनी, सपाट तळाची जड इस्त्री आणतो. कडेला जास्त वेळ दाबतो, सुटायला सुरुवात तिथूनच होते.

कापडाबद्दलची सगळ्यात मोलाची गोष्ट मामानं सांगितली. त्याचं आयुष्य पॉवरलूमवर गेलं. पहिला शर्ट बोटांत चुरगाळून म्हणाला, "लेका, हे कोरं आहे. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावलेली असते, ती अजून कापडातच आहे. तुझा थर सुताला नाही, खळीला चिकटलाय." पहिल्याच धुण्यात ते नाव पापुद्र्यासारखं सुटलं. तेव्हापासून कापड आधी गरम पाण्यात भिजवून, साबणानं धुऊन, कडक उन्हात वाळवतो. छापण्याआधी रिकाम्या शर्टावर पाच-सहा सेकंद इस्त्री दाबतो, उरलासुरला ओलावा निघतो.

टॉवेलच्या तुकड्यावरही प्रयोग केला, घरात टेरीचे तुकडे पडलेलेच असतात. थर फक्त फाशांच्या टोकांना धरला, टॉवेल ताणला तशी अक्षरं फुटली. टेरीवर हा पेपर नको.

शाईचा एक फरक टिपलाय. माझ्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, बाकीच्या तीन डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पाच धुण्यांनंतर काळी अक्षरं तशीच, लाल किंचित पसरलेला. म्हणून पथकाचं नाव काळ्यातच ठेवलं, रंग फक्त छोट्या चित्रात. छापल्यावर एक दिवस पाणी लावत नाही, नंतर उलटा करून गार पाण्यात धुतो, पिळत नाही.

उरलेल्या सहांसाठी नेव्ही ब्लू रद्द. पांढरं आणि फिकं पिवळं कापड, लाइट पेपर, ए-फोर आकाराचाच, त्यामुळे नाव दोन ओळींत बसवलंय. पथकानं गडद रंगाचा हट्ट धरला होता, पण दोन्ही शर्ट अंगात घालून पाहिल्यावर तेच पिवळ्यावर आले.

आज नळाला पाणी आलंय. एका बादलीत पिवळ्या शर्टाची सहावी धुलाई, दुसरीत सहा शर्टांचं कोरं कापड भिजत घातलंय. पाणी आत्ताच गढूळ दिसतंय, खळ सुटतेय.