दुधातल्या इंजेक्शनमुळेच ना?

मुलींना हल्ली पाळी इतक्या लवकर का येते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभा संपली की एखादी आई हमखास मागे रेंगाळते. "मॅडम, हिला पाचवीतच पाळी आली. दुधातल्या इंजेक्शनमुळेच ना?" मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याचा.

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पान्हा सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं. पारडू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मामाच्या शेजारच्या गोठ्यात मी पाहिलंय: सुई टोचली की थोड्याच वेळात सड ताठरतात आणि धार लागते. जनावराचा छळ आहे तो, बंदच व्हायला हवा. पण पाळीशी त्याचा संबंध नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी. पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनासारखी पचते. शिवाय ते प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं 1953 साली. नॉर्वेत 19व्या शतकाच्या मध्याला मुलींना पहिली पाळी 16-17व्या वर्षी यायची, पुढच्या शंभर वर्षांत ते वय 13च्या आसपास आलं. तेव्हा कुठली सुई आणि कुठलं प्लास्टिक? पोटभर जेवण मिळू लागलं, आजारपणं कमी झाली, एवढंच.

गर्भ वाढवायचा, मग अंगावर पाजायचं, हा खर्च बाईच्याच देहाचा. म्हणून गाठीला किती आहे याची वर्दी चरबीतलं लेप्टिन नावाचं संप्रेरक मेंदूला देतं, आणि साठा पुरेसा असला तरच मेंदू पाळीला वाट मोकळी करतो. उपासमारीच्या हजारो पिढ्यांत मुरलेला हिशोब आहे हा. बिस्किटांचे पुडे त्याला ठाऊक नाहीत.

म्हणून रसायनं अगदी साळसूद, असंही नाही हं. गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं लिंग फुटल्याची नोंद 1999 साली छापून आली. कारण जहाजांच्या बुडाला लावायचा रंग, त्यातलं ट्रायब्युटिल टिन. 2008पासून तो जगभर बंद आहे. प्लास्टिकमधल्या काही रसायनांवरही संशय आहे, पण मुलींच्या पाळीबाबतचे पुरावे उलटसुलट आहेत. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा.

परवाच्या आईला मी विचारलं, "तुम्हाला कधी आली?"

"नववीत."

"आणि तुमच्या आईला?"

ती हसली. "लग्नानंतर. सासरी."

पटलं असावं, असं मला वाटलं. नंतर पोरीकडूनच कळलं, घरी तिचं दूध बंद केलंय. भावाचं चालू आहे.